प्रार्थना कीटकाच्या नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांना काय खायला द्यावे?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. परड्यातल्या जास्वंदीची छाटणी करताना एका फांदीला चिकटलेला, वाळलेल्या फेसासारखा दिसणारा तपकिरी अंडीपुंज माझ्या मुलीला सापडला. तो प्रार्थना कीटकाचा असल्याचे ओळखू आले, म्हणून ती फांदी आम्ही काचेच्या मोठ्या बरणीत ठेवून तोंडाला कापड बांधले. परवा सकाळी पाहिले, तर पुंजाच्या मधल्या रेषेतून बारीक धाग्यांना लोंबकळत शंभराच्या आसपास पिले बाहेर आली होती, आणि दुपारपर्यंत ती सगळी कापडाला उलटी लटकून बसली होती. आम्ही साखरेचे पाणी आणि पेरूची फोड ठेवली, दोन काळ्या मुंग्याही आत सोडून पाहिल्या. साखरेच्या पाण्यात चिकटून चार पिले मेली, मुंग्यांनी एकाचा पाय तोडला, आणि आज एक पिलू दुसऱ्याला खात असल्याचे मुलीने पाहिले. तेव्हापासून ती जेवायलाही तयार नाही. यांना नेमके काय द्यावे आणि किती वेळा द्यावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

उत्तर (बेळगाव शहर)

नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि गेली काही वर्षे दर पावसाळ्यात मुलांसोबत हे कीटक वाढवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी मुंग्या बाहेर काढा. कोवळ्या पिलांच्या मुळावर उठणारा मुंग्यांइतका मोठा शत्रू नाही. बरणी ज्या स्टुलावर असेल, त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. दुधातुपाच्या कपाटाला आपल्या घरी पूर्वी ठेवत असत, तशाच. पेरू आणि साखरेचे पाणीही काढून टाका. हा कीटक जन्मल्या दिवसापासून शिकारी आहे, आणि जे हलत नाही ते त्याच्या दृष्टीने अन्नच नव्हे. पहिला दिवसभर पिले काही खात नाहीत, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र त्यांना तहान लागते. बारीक फवारा मारून बरणीच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब येऊ द्या, तळाशी पाणी साचू देऊ नका. एखादे पिलू थेंबाशी तोंड लावून किती वेळ पीत राहते, हे मुलीला भिंगातून अवश्य दाखवा.

आता खाण्याविषयी. पिकलेल्या केळ्यावर किंवा फणसाच्या सालीवर घोंगावणारी, लालसर डोळ्यांची, साधारण ३ मिलिमीटर लांबीची जी चिलटे असतात, ती या वयाला सर्वांत योग्य. शेतकरी ज्या कीटकाला फळमाशी म्हणतात आणि जिच्यासाठी आंब्याच्या बागेत सापळे लावतात, ती माशी वेगळी आणि या पिलांसाठी फारच मोठी आहे. नावाच्या साम्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. भक्ष्य पिलाच्या अंगाच्या निम्म्याहून मोठे नसावे, एवढा अंदाज पुरतो. त्याहून मोठा किडा समोर आला, तर पिलू शिकार करण्याऐवजी पळत सुटते.

चिलटे घरीच तयार होतात. स्वच्छ बाटलीत चांगले पिकलेले अर्धे केळे कुस्करून घाला, वर चिमूटभर गूळ आणि असल्यास चिमूटभर यीस्ट घाला, अळ्यांना चढायला कागदाची घडी उभी खोचा आणि बाटली दोन दिवस उघडी ठेवा. चिलटे आपोआप येऊन अंडी घालतात. मग तोंडाला मलमलीचे किंवा जुन्या ओढणीचे कापड बांधा. मच्छरदाणीची जाळी यासाठी फार मोकळी पडते. २५ अंशांच्या आसपास तापमान असेल, तर अंड्यापासून उडणारे चिलट व्हायला साधारण १० दिवस लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवा थंड असते, त्यामुळे एखाददुसरा दिवस जास्त धरा, आणि एकच बाटली न लावता दर चार-पाच दिवसांनी नवी बाटली लावत जा, म्हणजे मध्येच उपासमार होणार नाही. पहिले १० दिवस तुम्हाला बाहेरूनच चिलटे पकडावी लागतील. खानापुरात फणसाच्या दिवसांत ती कमी पडणार नाहीत.

चिलटे पिलांच्या बरणीत सोडताना उडून जातात, ही सर्वांची अडचण असते. चिलटांची ओढ वर आणि उजेडाकडे असते. त्यामुळे त्यांच्या बाटलीवर रिकामी बाटली तोंडाला तोंड लावून उलटी धरा आणि खालच्या बाटलीला काळे कापड गुंडाळा. दोन मिनिटांत हवी तेवढी चिलटे वरच्या बाटलीत येतात. ती बाटली तीन-चार मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली, की चिलटे सुस्तावतात आणि बरणीत अलगद झटकता येतात. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका, ती मरतात.

एका पिलाला दिवसाला दोन-तीन चिलटे पुरतात. संख्येपेक्षा पोटाकडे पाहा: भरलेले पोट फुगीर दिसते, उपाशी पिलाचे पोट चपटे पडून वर वळलेले असते.

आणि एक गोष्ट आपल्या मुलीसाठी. एका पिलाने दुसऱ्याला खाल्ले यात तुमची चूक एवढीच, की शंभर पिले एका बरणीत राहिली. झाडावर ती पहिल्याच दिवशी पांगली असती. आठ-दहा पिले वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि उरलेली आज संध्याकाळीच परड्यातल्या निरनिराळ्या झाडांवर, एका झाडावर तीन-चार अशी, मुंग्यांची रांग नसलेल्या फांद्या पाहून सोडा. माझ्या मते चांगले संगोपन इथूनच सुरू होते. शंभरांना पुरेल इतके खाद्य घरात कोणीही पुरवू शकत नाही.

उत्तर (निपाणी)

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात एक भर घालतो. चिलटे मिळेपर्यंत घेवड्याच्या किंवा चवळीच्या शेंड्यावरचा मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) देता येतो. शेंडा मोडून तसाच डब्यात ठेवावा. मावा फारसा हलत नसल्याने पिलांचे लक्ष उशिरा जाते, पण भूक लागली की ती शेंड्यावर उतरतात. मात्र तो शेंडा फवारणी झालेल्या पिकाचा नसावा, याची पूर्ण खात्री करा. काही कीटकनाशके झाडाच्या रसात मुरतात आणि पाने धुतल्याने जात नाहीत. तो रस प्यायलेला मावा जिवंत दिसला तरी पिलांना घातक ठरतो. गेल्या वर्षी शेजारच्या शेतातून मिरचीचे शेंडे मी न विचारता आणले आणि एका रात्रीत माझी अकरा पिले गेली. तेव्हापासून मी फक्त परड्यातल्या वेलाचा मावा वापरतो.

प्रश्नकर्त्याकडून (खानापूर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलीने स्वतःच्या हाताने पिले झाडांवर सोडली आणि नऊ पिले डब्यांत ठेवली आहेत. फणसाच्या सालीवरची चिलटे दिल्याबरोबर सहा पिलांनी पकडली. पुढचे पाय इतके झटकन येतात, की पकडताना दिसतच नाही, फक्त पकडलेले दिसते. उरलेल्या तिघांपैकी एक मात्र कालपासून छताला लटकून आहे आणि चिलट अंगावरून चालत गेले तरी हलत नाही. ते आजारी असेल का?

उत्तर (बेळगाव शहर)

पोट चपटे नसेल आणि पकड घट्ट असेल, तर ते बहुधा कात टाकण्याच्या तयारीत आहे. त्याच्या डब्यातली चिलटे आताच काढून घ्या, कारण कात टाकताना अंग मऊ असते आणि एका चिलटाच्या धडकेनेही ते खाली पडू शकते. डब्याची उंची पिलाच्या लांबीच्या किमान तिप्पट असावी आणि झाकणाला आतून कापड असावे, कारण प्लास्टिकवर पाय धरत नाहीत. हलका फवारा मारा, डबा हलवू नका. जुनी कात रिकाम्या अंगरख्यासारखी छताला लटकलेली दिसेल आणि तिच्याजवळ पिलू आधीपेक्षा लांब झालेले असेल. त्यानंतर एक पूर्ण दिवस जाऊ द्या, आणि मगच पहिले चिलट सोडा.