मदत हवी आहे : खारेपाटातल्या बांधासाठी आणि भातशेतीसाठी निधी कुठे मागावा?

खारेपाटकरीण :

नमस्कार मंडळी,

अलिबाग-पेण पट्ट्यातल्या खारेपाटातून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या भागातून लिहितेय. आमची भातशेती धरमतर खाडीच्या काठावर आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे आणि त्यात जागोजागी उघाड्या, म्हणजे झडपेची दारं आहेत. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर जातं आणि भरतीला झडप मिटते. या दोन गोष्टी नीट चालल्या तरच आमचं भात पिकतं. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चरीचा शेतकरी संप इथलाच. १९३३ पासून सहा वर्षं आमच्या आजे-पणज्यांनी खोतांची जमीन पडीक ठेवली होती. एवढं सोसून हाती आलेली ही जमीन आता खाऱ्या पाण्याखाली जाते आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, त्यातून पावसाळ्यात वारा असला की, पाणी बांधाच्या माथ्याला लागतं. बांधाला खांड (भगदाड) पडली आणि ती लगेच बुजवली नाही तर पुढच्या प्रत्येक भरतीला ती रुंद होत जाते. शेतात शिरलेलं मीठ दोन-तीन पावसाळ्यांशिवाय धुऊन जात नाही. तेवढ्या काळात खाडीच्या पाण्याबरोबर कांदळाचं (खारफुटीचं) बी येतं आणि रुजतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांमुळे कांदळवन तोडता येत नाही. आम्हाला तोडायचीही नाहीत, कारण बांधाच्या बाहेरच्या बाजूला कांदळवन दाट असेल तिथे बांध टिकतो हे गावात सगळे जाणतात. पण बांधाच्या आत, सातबारावर भातशेती असलेल्या जमिनीत ती वाढली की तो शेतकरी कायमचा उठतो. म्हणून खांड वेळेत बुजणं हाच खरा प्रश्न आहे.

आम्हाला करायचं आहे ते असं. बांधाची कमकुवत ठिकाणं उंच करून दगडाने बांधून घ्यायची आणि मोडक्या उघाड्या बदलायच्या. गावातच खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताची बीजपेढी सुरू करायची. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल १, २ आणि ३ ही वाणं आहेतच, पण काळा राता हा जुना भात आमच्या काही घरांत अजून जपलेला आहे, तो आधी वाढवायचा आहे. शिवाय शेततळ्यांत जिताडा मासा वाढवायचा. इथल्या शेतांच्या कडेला जिताड्याची तळी पूर्वीपासून आहेत, काही पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं.

आमच्याकडे शेतकरी गट आहे, दोन महिला बचत गट आहेत आणि ग्रामपंचायत पाठीशी आहे. नोंदणीकृत संस्था मात्र नाही. जिथे जिथे विचारलं तिथे ‘झाडं लावणार असाल तर सांगा’ असं उत्तर मिळतं. वृक्षारोपणाचे फोटो सगळ्यांना हवेत, मातीच्या बांधाचा फोटो कुणाला नको असतो. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी पैसा आहे असं ऐकतो, वाचतो. आमच्यासारख्या गावापर्यंत तो कोणत्या वाटेने येतो? आधी स्वतःची संस्था काढावी, की कुणाचा हात धरावा? कृपया अनुभवावरून सांगा.

हिशेबनीस :

ताई, संस्थांचे हिशेब बघण्याचं काम करतो, त्यामुळे तेवढंच बोलतो.

आज ट्रस्ट नोंदवला तर लगेच निधी मिळेल ही आशा ठेवू नका. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाचे पैसे घ्यायचे तर संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, सीएसआर-१ अर्ज भरलेला लागतो आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी हवी. त्यासाठी संस्था ३ वर्षं जुनी असावी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे एफसीआरए असलेली एखादी मोठी संस्था तुमच्यासोबत आली तरी ती पैसे तुमच्या खात्यात टाकू शकणार नाही, गावात येऊन तिनेच खर्च करायला हवा. गावं नेमकी इथेच फसतात, तोंडी आश्वासन घेऊन वर्ष घालवतात.

माझं मत : संस्था आत्ता नोंदवा, हिशेब पहिल्या दिवसापासून तपासून घ्या, पण पहिली ३ वर्षं अनुभवी संस्थेबरोबर लेखी करार करून काम करा. करारात गावाचा गट, कामाची जागा आणि कोणता खर्च कोण करणार हे स्पष्ट असू द्या.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांना गेल्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. पर्यावरण त्यात बसतं आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. थळ, उसर, डोलवी, नागोठणे इथले मोठे कारखाने तुमच्या अंगणातच आहेत. मुंबईत अर्ज पाठवत बसण्यापेक्षा इथल्या कारखान्यांच्या सीएसआर अधिकाऱ्याला बांधावर घेऊन या, उधाणाच्या दिवशी.

सिंधुदुर्गी :

खारेपाटकरीण ताई, कांदळवनाच्या बाजूने बघा. राज्य सरकारची ‘कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना’ २०१७ पासून आहे. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती होते आणि खेकडापालन, कालवं, शोभिवंत मासे, जिताडा, सुधारित भातशेती, निसर्ग पर्यटन अशा कामांना मदत मिळते. गटाने प्रकल्प केला तर ९० टक्के शासनाचे आणि १० टक्के गटाचे, वैयक्तिक असेल तर ७५ आणि २५. आमच्याकडे वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत बायकांचा बचत गट कांदळवन सफर चालवतो, तो बघून या. तुमच्या दोन्ही बचत गटांना ही वाट सगळ्यात जवळची आहे. बांधाबाहेरचं कांदळवन राखायचं आहे हे तुम्ही स्वतः लिहिलंय, अर्जात ते पहिल्या ओळीत यायला हवं.

तळ्यांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना पाहा. सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान असतं, म्हणून अर्ज बायकांच्या नावाने करा.

ओहोटी :

मोठ्या निधींबद्दल थोडं. ॲडाप्टेशन फंड आणि ग्रीन क्लायमेट फंड या हवामान बदलासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधींची नावं ऐकली असतील. भारतात या दोन्हींची मान्यता नाबार्डकडे आहे, पण प्रकल्प मोठे असतात आणि गाव थेट अर्ज करू शकत नाही. ग्रीन क्लायमेट फंडाचा किनारपट्टीसाठीचा प्रकल्प २०१९ पासून आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्रात आहे, आपल्याकडे तो वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत चालतो. म्हणजे सिंधुदुर्गींनी सांगितलेल्या दारातच जायचं आहे.

तुमच्या कामाशी सर्वांत जुळणारं उदाहरण आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यातलं आहे. ॲडाप्टेशन फंडातून, नाबार्डमार्फत, एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने तिथे कांदळवन आणि मत्स्यशेती एकत्र केली, समुद्राची पातळी वाढण्याला उत्तर म्हणून. त्याचा प्रस्ताव ॲडाप्टेशन फंडाच्या संकेतस्थळावर सबंध वाचायला मिळतो. तो वाचा. आपल्या अडचणीची मांडणी कशी करायची ते त्यातून कळेल.

गावाच्या मापाचं असं एकच दार मला दिसतं, जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम. १९९२ पासून चालू आहे, साधारण ५०,००० डॉलरपर्यंत अनुदान, आणि श्रमदान हा तुमचा हिस्सा म्हणून धरला जातो. मात्र प्रत्येक टप्प्यात ठरावीक भूभागच निवडलेले असतात, तेव्हा आधी आपला पट्टा त्यात आहे का ते विचारा.

आणि बांध? त्यासाठी देणगीदार शोधू नका. तुमची खार योजना, म्हणजे बांध घालून राखलेली जमीन, शासकीय आहे की खाजगी, हे खारभूमी विकास विभागाकडून लेखी घ्या. शासकीय असेल तर बांधाची दुरुस्ती हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची देणगी मागायची गरज नाही. खाजगी असेल तर ती शासनाने ताब्यात घ्यावी असा ग्रामसभेचा ठराव करा. काम करताना कांदळवन तोडावं लागणार असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय एक फांदीही हलवू नका.

खारेपाटकरीण :

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही सगळं एकाच प्रस्तावात कोंबत होतो, त्यामुळे कुणालाच ते आपलं वाटत नसावं. आता वेगळं करतो. बांध आणि उघाड्या खारभूमी विभागाकडे, खेकडे आणि जिताडा बचत गटांच्या नावाने, आणि बीजपेढीसाठी तेवढा सीएसआर.

ओहोटी, खार योजनेबद्दल विचारलंत. आमचा निम्मा बांध शासकीय यादीत आहे असं जुने लोक म्हणतात, कागद कुणाकडे नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकते.

अजून एक विचारायचं आहे. बीजपेढीच्या प्रस्तावात जमीन किती खारवली हे आकड्याने दाखवावं लागेल ना? मातीची क्षारता (विद्युत वाहकता) ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात एवढं माहीत आहे. नमुने किती एकरांमागे एक घ्यावेत, आणि पावसाळ्याआधीचे घ्यावेत की भात कापल्यावरचे?

हिशेबनीस :

दोन्ही वेळचे घ्या ताई, आणि तेच शेत, तीच जागा. देणगीदाराला फरक दाखवायचा असतो. नमुन्यांची संख्या मात्र माझ्यावर सोडू नका, रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पनवेलच्या संशोधन केंद्रात विचारा. नमुने त्यांच्याच पद्धतीने घेतले आणि अहवालावर त्यांचा शिक्का असला की पुढे कुणी शंका काढत नाही.

खारेपाटकरीण :

ठीक, येत्या सोमवारी पनवेलला जाते. काळ्या रात्याचं थोडं बीही सोबत नेते, त्यांच्याकडून तपासून घेईन. रायगडातल्या कुणी सीएसआरसाठी बीजपेढीचा प्रस्ताव केला असेल तर त्याचा आराखडा इथे टाकाल का? खर्चाचे आकडे खोडून टाकला तरी चालेल.