अनुभव धागा: तुमच्या डोक्यात इंग्रजी शिरलं कसं? बघून, ऐकून की घोकून?

मांडवीकाठ
काल लेकीच्या शाळेत पालकसभा होती. बाई म्हणाल्या ही व्हिज्युअल लर्नर आहे, म्हणजे बघून शिकणारी, इंग्रजीसाठी चित्रांची कार्डं आणा. मला एकदम आमची पाचवी आठवली. चौथीपर्यंत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली मराठी शाळा आणि पाचवीत गेल्यावर गणित, भूगोल, विज्ञान सगळंच इंग्रजीत! आमची शिकायची स्टाईल कोण विचारतो, फळ्यावरचं चित्र काढल्यासारखं उतरवायचो, गणेश चवथीची सुट्टी पडेपर्यंत अर्थ काही कळला नाही. तुमचं कसं झालं ते लिहा.

फोंड्याची सून
कानाने. बाबा रेडिओवर क्रिकेट कॉमेंट्री लावायचे, क्रिकेट शष्प कळत नव्हतं पण सूर बसला. अजून बोलायला फाडफाड, स्पेलिंग मात्र विचारू नका, दहावीला निबंधात मार्क गेले ते गेलेच. थांबा शिट्टी झाली

झिलू
मी जत्रेच्या नाटकात असायचो त्यामुळे धडेपण हातवारे करत पाठ, आजीला वाटायचं पोराला काहीतरी लागलंय. पण खरं इंग्रजी आलं कळंगुटच्या शॅकवर, रशियन गिऱ्हाईकाला माझं कळत नव्हतं आणि मला त्याचं, तरी मासळी विकली जायची 😄

टीचरबाय
बीएडला आम्हाला शिकायच्या स्टाईलचं व्हार्क मॉडेल होतं, न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगचं, १९९२चं. बघणारे, ऐकणारे, वाचून-लिहून शिकणारे, हाताने करणारे. प्रश्नावली भरून घेतली की मुलं खूश, पालक त्याहून खूश. पण २००८ मध्ये हॅरल्ड पाशलर आणि आणखी तिघा मानसशास्त्रज्ञांनी तोपर्यंतचं संशोधन तपासलं, तर ज्याच्या त्याच्या स्टाईलने शिकवलं की जास्त येतं याला धड पुरावा मिळाला नाही. आवड असते हो प्रत्येकाची. पण उच्चार ऐकूनच येणार आणि स्पेलिंग लिहूनच, मग मूल कुठल्या का खात्यातलं असेना. फोंड्याच्या वहिनींचंच बघा.

फोंड्याची सून
अगं बाय माझीच केस स्टडी केलीस 🙏

मांडवीकाठ
मग कार्डं आणू की नको? पणजीत बघितली, भारी महाग.

टीचरबाय
विकत कशाला, जुनं कॅलेंडर कापा. चित्र तिला काढू दे, मागे शब्द तिनेच लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी न बघता सांगायचा, मोठ्याने.

कदंबातली खिडकी
धागा वाचला नाही पूर्ण, बसमध्ये आहे. @झिलू जत्रेचं नाटक कुठल्या गावचं? आमच्या पेडण्याकडे अजून पहाटेपर्यंत चालतं.

झिलू
केरीचं. मी कायम शिपाई, संवाद एकच, "महाराज, दूत आलाय".

कदंबातली खिडकी
तो पण हातवारे करून पाठ केलेलास काय रे 😂