इमारत उभी राहिली म्हणजे रुग्णालय वाचलं असं नाही

भूकंपानंतर खांब-तुळया शाबूत असतील तर रुग्णालय लगेच सुरू ठेवायला हरकत नाही, असं एक मत आहे; ते मला पटत नाही. कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपात इतकं मोडलं की नव्याने बांधावं लागलं. ती नवी इमारत १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात ताठ उभी राहिली, पण आतले पाण्याचे पाइप फुटले आणि रुग्णांना हलवावंच लागलं.

म्हणून भूकंपानंतरच्या पाहणीत अभियंत्याबरोबर ऑक्सिजन, वीज, पाणी सांभाळणारा माणूस हवाच. प्लास्टरची बारीक चीर वेगळी, काँक्रीटच्या खांबातली तिरकी भेग वेगळी. दुसरी दिसली की तो भाग आधी रिकामा करा. जनरेटर पायावरून सरकलाय का, बॅटऱ्या पडल्यात का, हे टॉर्च मारून पाहावं लागतं. लिफ्ट तपासल्याशिवाय नकोच. पाहणीनंतर दारावर हिरवा (वापरता येईल), पिवळा (मर्यादित वापर) किंवा लाल (धोकादायक) फलक लागला तरी मोठा पश्चात धक्का, म्हणजे मुख्य भूकंपानंतरचा धक्का, आला की पाहणी पुन्हा.

पण घाबरून सगळंच रिकामं करणंही जिवावर बेततं. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण अंधाऱ्या जिन्याने उतरवताना एकजण सतत हाताने अंबू बॅग (श्वास देणारी रबरी पिशवी) दाबत असतो, दर काही सेकंदांनी एक श्वास, तळमजला येईपर्यंत.