मागच्या पट्ट्यातलं जंगल

रविवार, सोसायटीच्या ग्रुपवर

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. कंपाउंडच्या मागच्या पट्ट्यात गवत कमरेला लागलं. पोळ्याच्या आधी तणनाशक मारून मोकळं करू म्हणतो. पंपवाला आठशे रुपये म्हणून राहिला. हो की नाही, पटकन सांगा.

सी-२०१: हो. परवा पोरं बॉल आणायला आत शिरली, तर पायाजवळून काहीतरी सळसळत गेलं. अन् लेकीच्या दोन्ही हातांवर पुरळ आलं ते वेगळंच.

ए-३०३: हो.

ए-१०१: माझंही हो. फक्त जिन्याजवळच्या माझ्या कुंडीकडे पंप नका फिरवू भाऊ. शेवंती मस्त धरून राहिली.

बी-१०४ काका: माझं नाही. गेल्या वर्षी असाच एक जण येऊन वाऱ्यात फवारून गेला होता, आठवतं का? ए विंगच्या तुळशी आठ दिवसांत वाळल्या, अन् गवत दिवाळीपर्यंत परत जसंच्या तसं. आधी आत काय उगवलं ते तर पाहू. कोणीतरी फोटो टाका, पण जवळून. लांबून काढला की सगळंच हिरवं दिसते.

सेक्रेटरी: (चार फोटो)

बी-१०४ काका: पहिला फोटो गाजरगवताचा. पांढरी बारीक फुलं, गाजरासारखी चिरलेली पानं. आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात तेच. अमेरिकेच्या गव्हासोबत आलं म्हणतात, १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं, अन् आता देशात असा रस्ता नाही जिथं ते नाही. सी-२०१ ताई, लेकीच्या हातावरचं पुरळ बहुतेक ह्याचंच. हात साबणानं धुवा, दोन दिवस उन्हात पाठवू नका, अन् कमी झालं नाही तर चामडीच्या डॉक्टरला दाखवा.

सी-२०१: बाप रे. मला वाटलं डास चावले.

बी-१०४ काका: एका झाडाला दहा हजारांच्या वर बिया धरतात. म्हणून फुलं यायच्या आधी उपटायचं, पाऊस पडून जमीन ओली असताना, मुळासकट. विळ्यानं वरून कापलं तर बुडातून परत फुटते. हातमोजे अन् पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी ह्या कामात येऊच नये.

ए-३०३: काका, तिसऱ्या फोटोत पानांची चाळणी झाली. भुंगे बसले आहेत, पांढुरके, पाठीवर तपकिरी पट्टे. आज इथं, उद्या माझ्या गुलाबावर येतील. त्यांच्यावर तरी फवारू ना?

बी-१०४ काका: नको बाबा! तो मेक्सिकन भुंगेरा. गाजरगवत खातो म्हणूनच सरकारनं १९८४ मध्ये मेक्सिकोहून आणवला. पावसाळ्यात फुकट काम करून राहिला तो, गुलाबाकडे पाहतही नाही. त्यालाच मारता अन् वरून पंपवाल्याला आठशे देता?

सेक्रेटरी: बरं, मग दुसरा फोटो? हे तर आम्ही दोनदा उपटलं, तिसऱ्यांदा आलं.

बी-१०४ काका: दांडी दोन बोटांत धरून फिरवून पाहा. गोल की तिधारी?

सेक्रेटरी: (पाच मिनिटांनी) तिधारी. बोटाला कडा लागतात.

बी-१०४ काका: मग तो नागरमोथा, म्हणजे लव्हाळा. उपटून काही होत नाही. खाली काळ्या गाठी असतात, दोऱ्यात ओवल्यासारख्या एकाला एक लागलेल्या. वरची पात ओढली की दोरा तुटतो, गाठी आतच राहतात, अन् प्रत्येक गाठीतून नवीन रोप. सब्बल घालून गाठी वेचाव्या लागतात. उरलेल्यांना मे महिन्यात पाहू. जमीन ओली करून वर पारदर्शक प्लास्टिक दीड महिना घट्ट अंथरलं की नागपूरच्या उन्हात खालची माती उकडून निघते. गाजरगवताचं बी त्यात बरंच मरते. नागरमोथा मात्र चिवट, त्याच्या मागे दोन-तीन वर्षं लागावं लागेल.

बी-३०२ काकू: गाठी फेकू नका हो. वाळवून ठेवते, दिवाळीच्या उटण्यात चालतात. अन् चौथा फोटो तर तरोट्याचा आहे, त्याला तण कोण म्हणते! पुण्याकडचे टाकळा म्हणतात. आता जून झाला, नाहीतर भाजी केली असती. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत कोवळा खुडायचा, लसूण अन् चण्याची डाळ घालून.

बी-१०४ काका: काकू बरोबर बोलून राहिल्या. तरोटा दाट वाढला की गाजरगवताला उगवू देत नाही. म्हणून तो कंपाउंडच्या बाजूनं राहू द्या.

सेक्रेटरी: काका, एक जंगल काढून दुसरं लावायचं का? मले तर लोक शिव्या घालतील.

बी-१०४ काका: भिंतीकडचा तीन फुटांचा पट्टाच म्हणतो मी. बाकी सगळं काढा. गेटजवळच्या धोतऱ्याला तर आधी काढा, त्याचं बी पोरांच्या तोंडात गेलं तर दवाखाना गाठावा लागेल.

ए-३०३: पण काका, औषध म्हणजे एका दिवसात काम खतम. ग्लायफोसेट मिळते ना दुकानात.

बी-१०४ काका: ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढला, ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं. अन् उगवलेलं मरते, मातीतलं बी तसंच राहते. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी गेले, तेव्हा मी नोकरीत होतो. पंप पाहिला की अजूनही पोटात गोळा येतो.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

सेक्रेटरी: ठीक. पंप रद्द. येत्या रविवारी सकाळी सातला. माळीदादा दोन गडी घेऊन येतात, खुरपी अन् सब्बल त्यांची, हातमोजे सोसायटीचे. गमबूट घाला, आधी काठी आपटा, मगच आत पाय टाका. फुलं आलेलं गाजरगवत खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही, काळ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. काही ओळखू आलं नाही तर मुळासकट रोप कागदात गुंडाळा, मी महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात दाखवून आणतो.

बी-३०२ काकू: अन् नळाजवळच्या आघाड्याला अन् दुर्वांना कोनी हात लावायचा नाही. महालक्ष्म्या आल्या की सगळे माझ्याच दारात येता मागायला.

सी-२०१: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा जातो, त्याच्यासोबत गाजरगवतही जाऊ द्या. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!

ए-१०१: काका, एक विचारायचं होतं. (फोटो) ही माझी शेवंती. पानं तशीच चिरलेली दिसून राहिली, जमिनीला चिकटून गोल पसरली.

बी-१०४ काका: पान चोळून वास घे. शेवंतीचा येतो का?

ए-१०१: नाही.

बी-१०४ काका: रोप कुठून आणलं होतं?

ए-१०१: मागच्या पट्ट्यातून. दीड महिना झाला, रोज पाणी घालतो. मागच्या आठवड्यात शेणखतही दिलं.

बी-३०२ काकू: अरे देवा.

बी-१०४ काका: अजून फूल नाही ना? मग आज संध्याकाळीच काढ. हातमोजे माझ्याकडून घेऊन जा.