तुमच्या आठवणी टाका : चर्च, झाडं, पाणी वगैरे

चरईकर :
राखेचा बुधवार आला, म्हणून चर्चमध्ये सांगितलं घरातल्या जुन्या झावळ्या आणून द्या. (ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ज्या आशीर्वादित झावळ्या मिळतात त्याच पुढच्या वर्षी जाळून कपाळाला लावायची राख करतात, माहीत नसलेल्यांसाठी.) क्रुसामागची झावळी काढताना एकदम सातवी आठवली. मी ऑल्टर बॉय (उपासनेत फादरांच्या हाताखाली मदत करणारा पोरगा), जाळायचं काम आम्हा चौघांकडे, आणि पेटवल्यावर असा घाण वास सुटला की विचारू नका. कोणीतरी झावळीच्या क्रुसाला प्लास्टिकची रिबीन गुंडाळलेली, राखेत काळा चिकट गोळा. फादर ओरडले नाहीत. काडीने गोळा उचलला आणि म्हणाले, हा कुणाच्या कपाळाला लावू? क्रूस आमच्याच घरचा होता हो, रिबीन ताईच्या बर्थडेची. आजपर्यंत कुठे बोललो नव्हतो. तुमचंही असलं काही असेल तर लिहा.

नेरूळची_सूनबाई :
कन्फेशन इथेच उरकलंत की 😂 आम्ही मूळचे नगरचे, प्रोटेस्टंट. कापणीच्या सणाला ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या पण, आणि उपासना झाली की लिलाव. पप्पांनी इरेला पेटून भोपळा साडेचारशेला घेतला, मम्मी आठवडाभर बोलली नाही आणि भोपळा काही संपेना. इथे लोक मॉलची ब्रोकोली आणतात, बारकोडसकट. कुकर झाला, येते.

उंदीरग्रस्त :
थर्माकोलवर बंदी आली ना २०१८ ला, तेव्हा नाताळच्या गोठ्यासाठी (येशूजन्माचा देखावा) परत नाचणी पेरायला लागलो आजीसारखी. नाताळच्या दोन आठवडे आधी पेरली की मस्त हिरवं गवत होतं. पहिल्याच वर्षी उंदरांनी गवत खाल्लं आणि योसेफाच्या पुतळ्याचा पाय पण.

वाशी_स्लो_लोकल :
आमचा युथ ग्रुप खारफुटीत साफसफाईला गेलेला, ठाणे खाडीला २०२२ ला रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला त्यानंतर लगेच. सगळे फ्लेमिंगो बघायच्या उत्साहात, आणि तारीख ठरवली भर पावसाळ्यात, कोणी ते विचारू नका. गुडघाभर चिखल, निर्माल्याच्या पिशव्याच पिशव्या, मी मनात म्हणतोय ही लोकं कधी सुधारणार, आणि पुढच्याच पिशवीत मेरीमातेची फ्रेम, काच फुटलेली. गप्प झालो. कचऱ्यात टाकवेना, परत पाण्यात तर नाहीच. फादर म्हणाले आशीर्वादित वस्तू जाळायची नाहीतर पुरायची. चित्र चर्चच्या आवारात पुरलं, काच भंगारवाल्याला.

शंकासूर :
पण बायबलमध्येच आहे ना, माणसाने सगळ्या प्राण्यांवर सत्ता चालवावी म्हणून?

वसईचा_ठाणेकर :
शंकासूर, पहिला अध्याय वाचून उठलास होय, दुसऱ्यात एदेन बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलंय माणसाला. आमच्याकडे फादर दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते, लोकांना ते २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणूनच माहीत. आमच्या वाडीत बावखल (गोड्या पाण्याचं छोटं तळं) होतं, त्यावर केळी आणि पानवेल. शेजारच्या विहिरीतून टँकर भरायला लागले आणि आमचं पाणी मचूळ झालं. आजोबा रोज सकाळी चूळ भरून चव बघायचे, कोणाला काही सांगायचे नाहीत. मग एक दिवस चव बघणं बंद केलं त्यांनी.

नेरूळची_सूनबाई :
😔 आमच्या बायबल स्टडीत पोप फ्रान्सिसांचं २०१५ चं पर्यावरणावरचं पत्र वाचलं, लाउदातो सी. नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या गीतातलं आहे, त्यात पाणी बहीण, सूर्य भाऊ.

उंदीरग्रस्त :
मे महिन्यात ठाण्यात या, भाऊबंदकी काय असते ते दाखवतो सूर्य.

पोटोबा :
विषय सोडून विचारतेय, घरचा बॉटल मसाला (ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा) ठाण्यात कोण देतं का? लाकडी उखळीत कुटलेला पाहिजे.

चरईकर :
पोटोबा, आई करते, मेसेज करा. बाकी ताईला धागा पाठवला, ती म्हणते रिबीन तिची नव्हतीच, माझ्याच वाढदिवसाची होती.