मदत हवी आहे: रिअ‍ॅक्ट, अँग्युलर की व्ह्यू? सोमवारपर्यंत सांगायचंय

रात्रपाळी: मंडळी अर्जंट आहे. आमचं अ‍ॅप पार रडायला लागलंय, तक्त्याच्या सेलमध्ये 1250 टाइप केलं की 1 उमटतो, मग दोन सेकंद काहीच नाही आणि मग उरलेले तीन आकडे धप्पकन एकदम. साहेब म्हणतात नव्याने लिहा, कशात, म्हणजे वेबपानं बांधायच्या या तीन तयार साच्यांपैकी (फ्रेमवर्क) कुठल्यात, ते मी ठरवायचंय. वाचून वाचून डोकं फिरलं, जो तो आपलंच घोडं दामटतोय. एका शब्दात सांगा, काय घेऊ?

सेमीकोलन: रिअ‍ॅक्ट. 2013 पासून आहे, माणसं मिळतात, लायब्ऱ्या मिळतात. विषय संपला.

जुना_खिळा: कसला संपला? पानं बदलणारा राउटर वेगळा शोधा, फॉर्मचं वेगळं शोधा, स्टेट म्हणजे चालू डेटा सांभाळायला आणखी काहीतरी, आणि त्यातलं एखादं मधेच कुणी सांभाळेनासं होतं. अँग्युलरमध्ये हे सगळं एकाच घरचं.

सेमीकोलन: हो, आणि एक ड्रॉपडाउन भरायला आरएक्सजेएस या डेटाप्रवाहाच्या लायब्ररीत पाइपात पाइप.

बाइटभर: भांडा नंतर. रात्रपाळी, आत्ता कशात आहे? तक्त्यात ओळी किती? टीम किती जणांची?

रात्रपाळी: अँग्युलरमध्येच आहे की. तो तक्ता म्हणजे ग्रिड आहे, ओळी असतील बऱ्याच.

जुना_खिळा: मग तुमचा कोड गंडलाय, अँग्युलरला बोल लावू नका.

बाइटभर: व्हर्जन सांगा हो. 1 ने सुरू होतं का?

रात्रपाळी: 1.5. आत्ता मोजलं, 3000 ओळी, 14 कॉलम, सगळे इनपुट (टाइप करायच्या चौकटी), एनजी-रिपीटने, म्हणजे दर ओळ काढत जाणाऱ्या आदेशाने. पेजिंग (पानापानाने दाखवणं) नाही कारण युजरना नको होतं. आम्ही दोघंच, दुसरा बॅकएंडवाला.

बाइटभर: हे आधी सांगायचं ना राव! ते अँग्युलरजेएस, 2010 चं. 2016 ला आलेलं अँग्युलर म्हणजे नाव तेच, पण मुळापासून नवीन. जुन्याचा सपोर्ट डिसेंबर 2021 लाच संपला, त्यामुळे सोडायचं तर आहेच. पण स्लो का ते बघा. दर बाइंडिंगमागे, म्हणजे डेटा आणि चौकट यांच्या जोडणीमागे, एक वॉचर (पहारेकरी), म्हणजे 3000 गुणिले 14, निदान 42,000. एक की दाबली की डायजेस्ट, म्हणजे तपासणीची फेरी, प्रत्येकाला विचारत सुटतो, तू बदललास का, तू बदललास का, आणि कुणी हो म्हणालं की परत पहिल्यापासून. दर कीला निदान दोन, म्हणजे 1250 च्या चार कींना आठ फेऱ्या कुठेच गेल्या नाहीत. आज रात्रीपुरतं एनजी-मॉडेल-ऑप्शन्समध्ये अपडेट ऑन ब्लर लावा, म्हणजे तपासणी सेल सोडल्यावरच होईल.

शून्य_ते_एक: नव्याने लिहिताय तर डार्क मोडचे रंग सीएसएस व्हेरिएबलमध्येच ठेवा, नंतर फार त्रास होतो.

सेमीकोलन: डार्क मोडचं कुणी विचारलं?

पेन्शनर_कोडर: आमच्या वेळी फ्लॅशवर चालणाऱ्या फ्लेक्सचा डेटाग्रिड (तयार तक्ता) टाकला की झालं, कितीही ओळी द्या, लोण्यासारखा सरकायचा.

सेमीकोलन: 31 डिसेंबर 2020 पासून फ्लॅशच बंद आहे काका, सरकवा आता.

बाइटभर: हसू नका, काकांनी नेमकं दुखणं पकडलंय. तो ग्रिड दिसतील तेवढ्याच ओळी काढायचा आणि स्क्रोल झालं की त्याच परत वापरायचा. व्हर्च्युअल स्क्रोल म्हणजे तेच. हे नसेल तर 42,000 इनपुट डोममध्ये, म्हणजे ब्राउझरने बांधलेल्या पानात, ठेवून रिअ‍ॅक्टही रडेल. मी तुमच्या जागी व्ह्यू 3 घेतलं असतं, त्यातलं व्ही-इफ, व्ही-फॉर बघून तुम्हाला आताचं एनजी-इफ, एनजी-रिपीटच आठवेल. व्ह्यू 2 नको, ते 2023 अखेर संपलं.

जुना_खिळा: व्हर्च्युअल स्क्रोल अँग्युलरच्या सीडीके या जोड-लायब्ररीतही आहे म्हटलं.

रात्रपाळी: ब्लर लावलं, टाइपिंग सुटलं, आता सेल सोडताना अडकतं पण लोकांची बोंब थांबलीय. व्ह्यूमध्ये नमुना केला, 40 ओळीच डोममध्ये, सुसाट. पण नवीन लफडं. आमच्या मॅडम दिवसभर कंट्रोल एफ दाबून नाव शोधतात, ते आता सापडतच नाही, ओळ खाली असली की शून्य निकाल. ब्राउझरला सांगायची काही सोय?

बाइटभर: डोममध्येच नाही तर त्याला दिसणार कुठून? वर स्वतःचा शोधबॉक्स द्या, कंट्रोल एफ अडवून फोकस तिथे न्या.

सेमीकोलन: कंट्रोल एफ अडवणाऱ्या साइटी मी लगेच बंद करतो.

रात्रपाळी: मॅडमना बंद करता येत नाही हो. बघतो करून.