वर्ष थांबायचं तर जूनमध्येच कामाला लागू दे

ताई, लेक बारावीनंतर वर्षभर थांबायचं म्हणतेय आणि घरचे ‘वर्ष वाया जाईल’ म्हणून घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंत. माझी भाचीही थांबली होती. पहिले दोन महिने खरंच वाया गेले. उशिरा उठणं, मोबाईल, आईशी खटके.

मग पाऊस लागल्यावर ती गुहागरजवळ मामाच्या रोपवाटिकेत गेली, आंब्याची कोय कलमं बांधायला. कोयीतून आलेलं रोप जेमतेम पंधरा दिवसांचं, पानं तांबूस असतात. त्याचा शेंडा कापून खाच द्यायची, हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी गच्च गुंडाळायची. पहिल्या शंभरांतली निम्म्याहून जास्त मेली. रडली पोर! मग रोज किती बांधली, किती जगली ते वहीत लिहू लागली. आपली पट्टी सैल राहते हे तिला त्या वहीतूनच कळलं. पुढच्या वर्षी सीईटी देऊन तिने हट्टाने कृषी पदवीलाच प्रवेश घेतला. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते आधीच करून ठेवा.

लेक परीक्षेसाठी थांबत असेल तर नियम बघा. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा कितीही वेळा देता येते, पण आयआयटीच्या प्रवेशाची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच.

आणि मे महिन्यात बाबा आमट्यांनी सुरू केलेली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, म्हणजे तरुणांचं श्रमदानाचं शिबिर, असते. तिथे तिला नक्की पाठवा, एकटीला.